खायचा नाही, तर धरलास कशाला?

पहिली तांबोशी मासळी पाण्यात सोडून दिली त्या दिवशी घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. कुठे लागली, कशी ओढत होती, सोडल्यावर क्षणभर माझ्या ओंजळीतच थांबून मग कशी सुळकन गेली. आई नारळ खवत होती. हात थांबवून तिने विचारलं, "खायचा नाही, तर धरलास कशाला?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. आमच्याकडे मासा म्हणजे सार, तळलेली तुकडी, पाळायचे वार आणि श्रावण. तिचे वडील पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचे, मामा आजही गरी घालतो, आणि आजवर घरातल्या कुणीही परत सोडण्यासाठी मासा धरला नव्हता. मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन आत गेले. त्याला सात वर्षं झाली. रॉड आणि ल्यूरची, म्हणजे खोट्या माशांची, डबी घेऊन मी अजूनही काजळीच्या खाडीवर जाते, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर येतो.

काजळी साखरप्याच्या अंगाने घाट उतरून येते आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याजवळ समुद्राला मिळते. मुखाशी राजिवड्याच्या होड्या, वर पूल, पलीकडे सुरूचं बन. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पुलावरून गाडी गेली की लोक समुद्राकडे बघतात. मी मात्र नेहमी दुसऱ्या खिडकीतून बघते, कारण माझी खाडी आतल्या बाजूला आहे, मामाच्या गावाकडे. तिथे भाताच्या खाचरांखाली खाजण, म्हणजे खाडीकाठची सखल जमीन, आहे, खाजणाला दगडमातीचा बांध आहे आणि बांधाला उघाडी. ज्यांनी उघाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: बांधाच्या पोटात ठेवलेला तो पाण्याचा दरवाजा. भरती आली की बाहेरच्या खाऱ्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसाने हात लावायला नको. त्या झडपेतून ओहोटीचं पाणी बाहेर पडतं तिथे खालची माती उकरून खोल डबरा होतो. माझं निम्मं शिक्षण त्या डबऱ्याच्या काठावर झालंय.

मामाची गरी म्हणजे हातभर काठीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, एक शिसं, एक गळ आणि कोळंबीचा तुकडा. तंगूस तर्जनीवरून सोडून तो उकिडवा बसतो आणि वाट बघतो. मी पहिल्यांदा माझं साहित्य त्याच्यासमोर काढलं तेव्हा त्याने सगळं हातात घेऊन नीट पाहिलं. सात फुटांचा रॉड, बोटाने तोलता येईल इतका हलका. २५०० आकाराचं रील. त्यावर १५ पौंडांचा ब्रेड, म्हणजे साधारण सात किलो वजनाला तुटेल असा विणलेला दोरा, शिवणाच्या दोऱ्याहून फारसा जाड नाही. पुढे दोन हात फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे टोकाचा वेगळा दोरा, कारण ब्रेड ओढीला कितीही चिवट असला तरी कालवाच्या कडेला नुसता घासला की गेला. आणि टोकाला सात-आठ ग्रॅमचा प्लास्टिकचा मासा. मामाने तो तळहातावर ठेवून वजन केलं. "ह्याला वासच नाय," एवढंच तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं, आणि ल्यूरचा सगळा प्रकार त्याच्या त्या तीन शब्दांतच आहे. कोळंबीच्या तुकड्याला स्वतःचा वास असतो, मासा शोधत येतो, माणूस थांबू शकतो. ल्यूरला काही नसतं. ते पाण्यात स्वस्थ पडलं तर प्लास्टिकच. त्याला जीव आहे असं वाटायचं तर तो मनगटातून द्यावा लागतो, आणि कुठल्या माशाचा जीव द्यायचा, हे ठरवायला त्या पाण्यात त्या घडीला कोणता लहान मासा कोणत्या अवस्थेत असतो हे माहीत पाहिजे. म्हणजे सुरुवातच खाडी ओळखण्यापासून.

ती ओळख मामाने करून दिली. "बाय, आधी पानी बघ. पानी सांगंल तिथं मासा." पाणी कधी येतं हे त्याला तिथीवरून कळतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी फोनवरच्या तक्त्याशी कितीतरी वेळा ताडून पाहिलंय, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी तिवरांच्या कमरेपर्यंत चढतं. अष्टमीला भांग, पाणी जेमतेम हलतं. उधाणाच्या भरतीला बोयींची पोरं, काचकी, कोळंबी सगळी पाण्याबरोबर कांदळवनाच्या आत खोलवर शिरतात, कारण आत खायला असतं आणि मुळांच्या जाळीत मोठा मासा वळू शकत नाही. पण ओहोटी लागली की त्यांना परत यावंच लागतं, आणि यायच्या वाटा चिंचोळ्या. त्या वाटांच्या तोंडाशी जिताडा आणि तांबोशी थांबलेली असतात. सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, पहिले दोन तास. एवढं कळायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. त्याआधी मी रविवार सकाळ मोकळी असते म्हणून रविवारी सकाळी जात होते.

रायगडकर ज्याला जिताडा म्हणतात तोच मालवणकरांचा चोणक. आमच्या मामाच्या गावात दोन्ही शब्द चालतात, कोण कुठून लग्न होऊन आली त्यावर अवलंबून.

ल्यूर कसं चालतं ते जरा जवळून सांगते. मी जास्त वापरते तो प्रकार म्हणजे मिनो, बोटभर लांबीचा, निमुळता. त्याच्या हनुवटीखाली पारदर्शक प्लास्टिकची छोटी जीभ असते. ओढलं की पाणी त्या जिभेवर आपटतं, तोंड खाली जातं आणि अंग दोन्ही बाजूंना थरथरतं. ती थरथर ब्रेडवरून, रॉडच्या टोकावरून थेट तळव्यात येते. तंगूस ताणला जातो म्हणून बारीक गोष्टी वाटेतच विरतात; ब्रेड ताणत नाही. ल्यूर चिखलाला टेकलं, पान लागलं, वाळूवरून खडकावर गेलं, सगळं डोळे मिटून सांगता येतं. हलक्या साहित्याचं हे देणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. गढूळ खाडीचा जो तळ मी कधी पाहिला नाही, तो मला हाताने माहीत आहे.

मग दोन झटके आणि थांबणं. दोन झटके, थांबणं. नवशिक्याला झटके महत्त्वाचे वाटतात. मासा बहुतेक वेळा थांबण्यात घेतो. १९३६ साली फिनलंडमध्ये लॉरी रापाला नावाच्या एका गरीब मासेमाराने बुचाचा तुकडा तासून पहिला असा मासा बनवला. वर चॉकलेटचा चंदेरी कागद, त्यावर फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून केलेलं रोगण. तो तळ्यावर होडी वल्हवताना बघत असे की मोठा मासा थव्यावर झेपावतो तेव्हा ठणठणीत मासे सोडून नेमका जो लंगडतोय, एका अंगावर कलतोय, त्यालाच उचलतो. त्याने तो लंगडेपणा बुचात उतरवला. मी हे वाचलं त्या आठवड्यात उघाडीवर बसून ल्यूर न टाकता नुसती बघत राहिले. झडपेतून घुसळून बाहेर आलेली बोयीची पोरं क्षणभर भोवळल्यासारखी होतात, एखादं कुशीवर पडतं, पोट चमकतं, परत सावरतं. त्या चमकण्यावरच खालून पाणी उसळायचं. त्या दिवसापासून माझे झटके कमी झाले आणि थांबणं वाढलं.

तांबोशी घेते तेव्हा हाताला चावा वगैरे काही कळत नाही. हाताला झटका बसतो आणि मासा मुळांकडे वळलेला असतो. कांदळाची मुळं पाण्यात कमानीसारखी उतरतात, त्यांच्यावर कालवं चिकटलेली, कालवाची कड ब्लेडसारखी. तांबोशीला तिथे पोहोचायला हातभरच अंतर पुरतं. रीलला ड्रॅग म्हणून एक व्यवस्था असते. ठरवलेल्या ताणाच्या पलीकडे ओढ गेली की दोरा तुटण्याऐवजी सुटत जातो. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर तो ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे. मोकळ्या पाण्यात तो उत्तम. मुळांच्या तोंडाशी तोच नियम पाळला तर तांबोशी आत आणि मी बाहेर. म्हणून तिथे मी ड्रॅग जवळजवळ आवळते, रॉड पाण्याला आडवा धरते आणि पहिल्या दोन सेकंदांत जे व्हायचं ते होऊ देते. बऱ्याचदा लीडर जातो.

त्या पहिल्या तांबोशीचा लीडर गेला नाही. वीतभराहून थोडी मोठी. तांब्याच्या भांड्याला चिंच लावल्यावर येतो तो रंग, पण त्यावर आडवे फिकट पट्टे, एखाद्याने ओल्या बोटांनी ओढल्यासारखे, आणि डोळ्याखालून गालावर गेलेली एक बारीक निळी रेघ. बाजारात मी आयुष्यभर तांबोशी पाहिली होती. ती निळी रेघ कधी पाहिली नव्हती.

नंतर कळलं की ती रेघ आणि ते पट्टे बाळपणाचे. तांबोशीचं पिल्लू खाडीत येतं, कांदळवनात वाढतं, काही वर्षं मुळांतच काढतं आणि मोठं झालं की खाडी सोडून बाहेर खोल खडपाळ समुद्रात जातं. अंडी तिथेच. हा मासा तीस वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे उघाडीवर, पुलाखाली, तिवरांच्या तोंडाशी जी तांबोशी लागते ती एक-दोन किलोची असली तरी तिने एकदाही अंडी घातलेली नसतात. मी हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मोठी तांबोशी भायेर खडपातच, हे तर ठावं हाय." त्याला ठाऊक होतं. फक्त त्या दोन गोष्टी, बाहेरची मोठी आणि खाडीतली लहान, एकमेकांना जोडून कुणी त्याच्यासमोर ठेवल्या नव्हत्या.

जिताड्याचं तर आणखी नवल. जिताडा लहानपणी, तरुणपणी नर असतो. काही वर्षांनी, अंग मीटरभर लांबीच्या आसपास गेलं की त्याची मादी होते. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी, मग पिल्लं भरतीबरोबर आत, खाजणात, गोड्या पाण्यापर्यंत. रायगडात पेण-अलिबागकडे हीच पिल्लं धरून शेततळ्यात वाढवायची पद्धत आहे, ती ह्यामुळेच. हे सगळं मी मामाला बांधावर बसून सांगत होते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हनून. मोठा जिताडा चिरला की गाभोळी असायचीच. मला वाटायचं, आपल्या गरीलाच माद्या लागतात." पन्नास वर्षं मासे साफ केलेल्या माणसाच्या सुरीने जे पाहिलं होतं, ते असं एका वाक्यात जागेवर बसलं. मला त्या दिवशी मासा लागला नाही, पण त्या संध्याकाळइतकी भरलेली संध्याकाळ मला दुसरी आठवत नाही.

आता जे सांगायचंय ते मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे चिऱ्याच्या जुन्या खाणी असतात. दगड काढून झाला, खाण सोडून दिली, पावसाचं पाणी साचलं, आणि काही वर्षांत त्यात मरळ कुठूनतरी आलेली असते. मरळ हवेत श्वास घेऊ शकते, ओल्या जमिनीवरून सरपटू शकते, तिला वाट लागत नाही. अशा एका खाणीवर मी रबराचा बेडूक घेऊन गेले होते. तो गवतावरून, शेवाळावरून अडकल्याशिवाय ओढता येतो. कडेला पाण्यावर तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक गोळा हलत होता. ओंजळभर केशर पाण्यात सांडावं तसा. गोळा खाली जायचा, दुसरीकडे वर यायचा. मरळीची पिल्लं. त्यांना वरचेवर हवा घ्यायला यावं लागतं, आणि ती येतात तेव्हा आईबाप खाली पहाऱ्याला असतात. बाहेरचं काहीही त्या गोळ्याजवळ आलं की ते त्याच्यावर तुटून पडतात. भूक लागलेली असो नसो. हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलं होतं म्हणूनच बेडूक बरोबर त्या गोळ्याच्या मधोमध टाकला.

पहिल्याच फेकीत मासा लागला. दोन किलोच्या वर. मी तो घरी नेला. इतक्या वर्षांत मी घरी नेलेला तो पहिला मोठा मासा. आईने स्वतः साफ केला, त्रिफळं घालून सार केलं, शेजारी वाटी पाठवली. "आज कसा, खरा मासा आणलास," म्हणाली. तिचा चेहरा मला आठवतो.

चार दिवसांनी मी परत गेले. गोळा फुटलेला होता. कडेच्या गवतात इकडे आठ-दहा, तिकडे पाच-सहा, अशी पिल्लं उरली होती. तारेवर खंड्या बसला होता, पलीकडे दोन वंचक पाण्यात उभे होते. पुढच्या रविवारी काहीच नव्हतं. आईबापातला दुसरा राहिला असेल का, त्याने काही वाचवली असतील का, मी खूप शोधलं. पाणी स्वच्छ होतं, दिसलं असतं.

आईच्या प्रश्नाच्या हिशेबाने माझा सगळ्यात रास्त मासा तोच होता. धरला आणि खाल्ला, तुकडाही वाया गेला नाही. आणि मी केलेलं सगळ्यात वाईट कामही तेच. धरल्यावर खाल्ला की सोडला, ह्यापेक्षा कोण होता, केव्हा होता, त्याच्या मागे कोण होतं, ह्या गोष्टी मोठ्या आहेत हे मला त्या रिकाम्या खाणीवर उभं राहून कळलं. पिल्लांच्या गोळ्यावर मी परत ल्यूर टाकलं नाही आणि कुणी टाकताना दिसलं तर जाऊन बोलते. काही ऐकतात.

तेव्हापासून चढणीच्या माशांकडेही मला पूर्वीसारखं बघता येत नाही. मृगाचे पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की नदीतले मासे व्हाळातून, पऱ्ह्यातून, थेट शेतापर्यंत चढतात. शिंगटी, मळये, वाम. रात्री बॅटऱ्या घेऊन, काठ्या आणि जाळी घेऊन गावंच्या गावं बाहेर पडतात. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मीही गेलेय, तो वास आणि तो आरडाओरडा मला अजून हवासा वाटतो. पण ते मासे अंडी घालायलाच चढत असतात. एकेकाचं पोट टम्म असतं. समुद्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती ह्याच कारणाने, आणि राजिवड्यापासून साखरी नाट्यापर्यंत सगळ्यांना ती तारीख पाठ आहे. मग व्हाळातल्या माशाला तेच लागू होतं असं आपल्याला का वाटत नाही? एका घराने खाण्यापुरते दोन मासे धरले तर नदी रिकामी होत नाही. पण आता व्हाळ आडवा बांधून, जाळं लावून पोती भरतात, आणि उन्हाळ्यात डोहात ब्लिचिंग पावडर ओततात, ज्यात माशाबरोबर खेकडा, झिंगा, बेडकाचं पिल्लूही मरतं. हे मासे धरणं नव्हे. ह्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही, पण धरणं हा शब्द त्याच्यासाठी वापरू नये. जून-जुलैत माझा रॉड माळ्यावर असतो.

आई मला एकदा महाडला नातेवाइकांकडे घेऊन गेली होती, तेव्हा आम्ही वाळणकोंडला गेलो. काळ नदीचा खोल कोंड, काठाला वरदायिनीचं स्थान. आईने चुरमुरे टाकले आणि त्या काळ्या पाण्यातून महाशीर वर आले. हातभर, दीड हात लांब, मोठमोठ्या खवल्यांचे, पाठीवर जुन्या पितळेची झाक. एकमेकांवर घासत, तोंडं वासून. तिथे कुणी मासा धरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या धरत नाही. आई पिशवी संपेपर्यंत टाकत राहिली, मग काठावर बसून नुसती बघत राहिली. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "खायचे नव्हते, तर एवढं लांब बघायला का आलीस?"

"देवाचे आहेत ते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने खिडकीकडे बघत, "छान होते पण."

मी पुढे काही बोलले नाही. खाडीतला मासा देवाचा नाही, तो खाणाऱ्याचा आहे, आणि ते योग्यच आहे. राजिवड्याची चूल त्याच्यावर पेटते. माझं म्हणणं एवढंच, की बघणंही काहीतरी आहे हे तिला माहीत होतं.

सोडून दिला म्हणजे मासा वाचलाच असं मात्र समजू नये. ह्याबाबत आमच्यातले कितीतरी जण स्वतःची समजूत घालतात, आणि मला त्याचा राग येतो. फोटोसाठी दोन-दोन मिनिटं कोरड्या हातात धरलेला, वाळूवर ठेवलेला, जबड्याला टांगलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. अंगावरचा बुळबुळीतपणा हे त्याचं संरक्षण आहे, कोरड्या हाताने ते निघून येतं. मोठ्या जिताड्याला उभं टांगलं की त्याच्याच वजनाने आतून इजा होते. म्हणून ल्यूरला येणारे तीन टोकांचे गळ मी काढून टाकते आणि एकेरी लावते, त्याचा उलटा काटा पकडीने चेपते. त्यामुळे मासे जास्त सुटतात. सुटू देत. हात आधी पाण्यात बुडवते, मासा शक्यतो पाण्याबाहेर काढतच नाही. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते, त्यावरून माझ्या अंगठ्यावर एक व्रण आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी जात नाही, त्या कोमट पाण्यात दमलेल्या माशाला श्वास पुरत नाही. आणि कल्ल्यातून रक्त येत असेल तर मासा सोडत नाही, लहान असला तरी घरी नेते. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मरणारा मासा पाण्यात टाकणं मला पटत नाही. वर्षातून तीन-चार मधल्या आकाराचे जिताडेही घरी जातात. मी मासे खाते, आवडीने खाते.

तुटलेला ब्रेड हा आणखी एक विषय आहे. तो कुजत नाही. उधाणाची ओहोटी पूर्ण उतरली की मी गुडघाभर चिखलातून मुळांत जाऊन माझ्या आणि दुसऱ्यांच्याही दोऱ्या काढून आणते. एकदा वंचकाच्या पायाला गुंडाळलेला पाहिला होता, पक्षी उडू शकत होता पण फांदीवर नीट बसू शकत नव्हता. मला तो धरता आला नाही.

गेल्या नोव्हेंबरात आई माझ्याबरोबर उघाडीवर आली. स्वतःहून. मामाचे गुडघे आता दुखतात, त्याला बांधावर प्लास्टिकची खुर्ची दिली होती, त्याच्याशी गप्पा मारायला म्हणून आली असेल. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, भरती दीडच्या सुमाराला होऊन गेली होती, तीन वाजता झडप धडधडायला लागली. दोघं बहीणभाऊ त्यांच्या वडिलांच्या पागाबद्दल बोलत होते, कुणाच्या लग्नात किती जिताडे आले होते त्याबद्दल.

तिसऱ्या-चौथ्या फेकीला डबऱ्याच्या कडेला झटका बसला. तांबोशी, तळहाताहून थोडी मोठी. मी ती पाण्यातच धरून गळ सोडवत होते तेव्हा आई पायऱ्या उतरून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"बघू," म्हणाली.

"हात ओले कर आधी."

तिने पदर खोचला, वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले, आणि मी मासा तिच्या ओंजळीत दिला. आयुष्यात तिने हजारो मासे हाताळले असतील. जिवंत तांबोशी पाण्यात धरायची ही तिची पहिली वेळ. मासा कल्ले हलवत तिच्या बोटांत उभा होता.

"हे निळं काय गं, डोळ्याखाली?"

"लहान आहे अजून. मोठी झाली की जातं."

"मामाला दाखव," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं की दाखवायचं तर बाहेर काढावं लागेल. तिने मामाला खालूनच हाक मारून सांगितलं, डोळ्याखाली निळी रेघ आहे बघ ह्याच्या. मामा वरून म्हणाला, "असंल." आईने बोटं जराशी सैल केली. मासा लगेच गेला नाही. मग शेपटीचा एक फटका तिच्या मनगटावर बसला आणि पाणी परत नुसतं गढूळ झालं. ती तशीच वाकून थोडा वेळ त्या जागेकडे बघत राहिली.

परत येताना तिने मार्केटपाशी गाडी थांबवायला लावली. बोयी ताज्या होत्या. कल्ले उघडून बघितले, भाव केला, सहा घेतल्या, आणि टोपलीतल्या तांबोश्यांकडे बोट दाखवून मासेवालीला विचारलं, ह्या खाडीतल्या की बाहेरच्या?